केमला जाणारी बाई

अप्पा, मला भीती वाटते, हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. लोक तर उलटंच समजतात. पोलिसांच्या काठ्या समोर असताना मी बोलले आहे, शास्त्र्यांच्या तोंडावर त्यांच्याच पोथ्यांतली वचनं वाचून दाखवली आहेत, बार्शीच्या सभेत दगड आला तेव्हा तोंडातलं वाक्य पुरं करून मगच खाली उतरले आहे. वर्तमानपत्रवाले मला निर्भय वगैरे म्हणतात. तुम्ही असतात तर हसला असतात, कारण तुम्ही मला घाबरलेलं पाहिलं आहे, सलग पाच दिवस. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. त्या पाच दिवसांबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं दुसरं माणूस उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

स्टेशनाबाहेरच्या कडुनिंबाखालची ती पाणपोई मला विटेविटेनं आठवते. तीन रांजण गळ्यापर्यंत वाळूत पुरलेले, वर ओलं गोणपाट, आणि बाजूला लांब दांड्याचं पितळी ओगराळं. वैशाखात घोंगड्या कोण विकत घेणार? त्यामुळं उन्हाळाभर तुम्ही दुकानाची फळी लावून टाकायचात आणि आपल्या लिंगायत मंडळाच्या पाणपोईवर येऊन बसायचात. दासोह म्हणजे दान नव्हे, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. दान देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. दासोहात देणारा तो दास, आणि ज्यानं ओंजळ पुढं केली तो शिव. म्हणून आपल्या पाणपोईचे दोन नियम होते. पाजणाऱ्यानं सकाळी पहिला घोट स्वतः घ्यायचा. आणि पिणाऱ्याला नाव, गाव, जात काही म्हणून विचारायचं नाही. महारामांगांना लांबून पाणी ओतायला आधीच्या लोकांनी ठेवलेली पत्र्याची पन्हळ तुम्ही पहिल्याच दिवशी उपटून फेकली होतीत. मी वीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते, घरातली आणि वाचनालयातली पुस्तकं संपवत होते, आणि त्या फेकलेल्या पन्हळीवर मी चौकाचौकांत भाषणं करत होते. तुम्ही एकदा म्हणालात, “अव्वा, लोक तू काय बोलतेस ते ऐकायला येत नाहीत. बिनलग्नाची पोर बोलते हे बघायला येतात.” मला अव्वा म्हणायचात तुम्ही, मी तुमची आई असल्यासारखं. त्या बोलण्याचा मला आठ दिवस राग होता.

मग गावात पटकी आली, हगवण-ओकारीनं माणसं दिवसात जाऊ लागली. म्युनिसिपालटीची माणसं विहिरींत तांबडं औषध टाकून गेली, आणि तुम्ही डॉक्टरांकडून त्याच औषधाचे खडे आणून रोज संध्याकाळी आपल्या रांजणांत टाकू लागलात. सकाळपर्यंत पाण्याचा रंग उतरून जायचा, पण लोकांनी खडे पडताना पाहिले होते. पाणी गुलाबी झालेलं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाणपोईवर माणूस फिरकेना. गिरणीच्या दोन बायका, नणंदा-भावजया, रोज समोरून जायच्या. मी हाक मारली तर नणंद म्हणाली, “नगं बाई. त्या पान्यानं आतडं वाळतंय म्हनं.” भावजय पुढं जाता जाता म्हणाली, “तुमी प्या की तुमचं रंगपंचमीचं पानी. आमाला हौदावरचं ग्वाड लागतंय.” त्या हौदावर जनावरं पाणी प्यायची. आणि माणसं आपल्याला वळसा घालून तिकडं जात होती. मी पाणपोईच्या ओट्यावर चढून बोलले. जंतू म्हणजे काय ते सांगितलं, विलायतेतल्या शहरांत काय झालं ते सांगितलं, धर्म सांगितला, शास्त्र सांगितलं. घसा फुटेपर्यंत बोलले. शंभर माणसं उभं राहून ऐकत होती. बोलणं संपलं आणि सगळी हौदाकडं गेली. तुम्ही रिकाम्या जागी नुसतं झाडत होतात, आणि ते मला जास्त लागलं.

आता जे लिहिते ते तुम्हाला कधीच सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तांब्याची कळशी घेऊन महादेवाच्या देवळातल्या कुंडावर गेले. विचार साधा होता. ह्यांना औषध नको, तीर्थ हवं; तर तीर्थ देऊ, औषध आत आहेच. मला स्वतःला तीर्थावर काडीचा विश्वास नव्हता, हेही ऐकून घ्या. कुंडाच्या पायऱ्या उतरत होते तर खाली एक बाई वाकळ धूत होती. धूत होती म्हणजे दगडावर आपटत नव्हती, पाण्यात बुडवून नुसती दाबत होती, आणि रडत होती. सणावाराशिवाय, त्या वेळी, एकटी बाई मोठी वाकळ का धुते, हे पटकीच्या गावात वीस वर्षांच्या शिकलेल्या मुलीला कळत नाही असं होत नाही. मला कळलं, ती रोग्याची वाकळ होती. मी काय केलं, तर चार हात सरकून दुसऱ्या बाजूच्या पायरीवर गेले आणि तिथं कळशी बुडवली. जणू कुंडाला मध्ये भिंत होती. आणि वर येताना मनात भाषणाची वाक्यं जुळवत होते.

सातच्या गाडीची माणसं बाहेर पडत होती. मी कळशी डोक्याच्या वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि पुढच्या रांजणात ओतली. “हे आता कुंडाचं तीर्थ आहे,” मी ओरडले, “आता तरी प्याल ना?” नियमाप्रमाणं पहिला घोट मी घेतला. क्षणभर कुणी हललं नाही. मग एक मुसलमान टांगेवाला, मिशांना मेंदी लावलेला, टांग्यावरून उतरला. “तीरथ हो कि शरबत, मेरे कू क्या,” तो म्हणाला, “हलक सूक रा, डालो बाई.” सगळे हसले आणि कोंडी फुटली. कानावर कापसाचे तंतू अडकलेला एक म्हातारा तेलंगी विणकर आला. त्या नणंदा-भावजया आल्या; नणंदेनं आधी कळशीला हात लावून कपाळाला लावला. आणि मग ती आली. खांद्यावर निळं ठिगळ असलेलं हिरवं लुगडं, कडेवर वर्षाचं पोर, काखेत बोचकं. “केमची गाडी कवाशी हाय वो?” तिनं विचारलं. मी सांगितलं, येईलच आता. ती ओंजळीनं प्याली, पोटभर प्याली. मग पदराचं टोक ओगराळ्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पोराच्या तोंडात पिळलं. पोर पदर चोखत होतं. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, “लई ग्वाड हाय.” आणि फलाटाकडं गेली. तिच्या मागं वीस-पंचवीस माणसांची रांग लागली होती. अप्पा, इतकी आनंदात मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही कधी झाले नाही.

तुम्ही तेवढ्यात आलात. रांग पाहून हसत आलात. “आज काय मंतर घातलास गं?” मी सांगितलं. कौतुकाची वाट पाहत, एकेक शब्द तोलून सांगितलं. तुमच्या तोंडावरचं हसू गेलं. तुम्ही रागावलात की मराठीत बोलायचात आणि घाबरलात की कानडीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. “एन माडिदी, अव्वा?” तुम्ही म्हणालात. काय केलंस हे. इतक्या हळू म्हणालात की मला भीती तिथंच, त्या आवाजानं शिवली. तुम्ही त्याच कुंडाच्या बोळातून आला होतात. तिथून पहाटेपासून पटकीची दोन माणसं बाजल्यावरून उचलली गेली होती, आणि रांजणातल्या औषधाचा जोर रात्रीतच सरला होता. तुम्ही गोणपाट ओढून टाकलंत, वाळू हातांनी उकरलीत आणि रांजण पालथा केलात. रांगेतनं आरडाओरड झाली. “तीर्थ सांडलं! अवो, तीर्थ मातीत घातलं!” कुणीतरी म्हणालं, “गळ्यात लिंग बांधतोय आन् म्हादेवाचं पानी पायाखाली घालतोय.” तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. “किती जण प्याले?” “पाच.” “कोण कोण?” आणि मी म्हणाले, ठसक्यात म्हणाले, कारण मला अजून पुरतं कळलं नव्हतं: “नाव विचारायचं नाही ना आपण?” तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. त्यानंतर मला कळलं. केमची गाडी तोवर सुटली होती.

पाच अनोळखी माणसं मोठ्या गावात शोधायची, आणि हाताशी काय, तर कापसाचे तंतू आणि मिशा. तुम्ही पुढं आणि मी मागं असे आपण दिवसभर फिरलो. विणकरांच्या आळीत मागांच्या खडखडाटात घराघरातून डोकावून मी म्हणत होते, हा नव्हे, हा नव्हे. तिसऱ्या प्रहरी तो म्हातारा सापडला. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. “काय अम्मा,” तो म्हणाला, “पाणी फुकट पाजला, आता परत मागायला आला काय?” तुम्ही त्याच्यापुढं उकिडवे बसून पोट कसं आहे ते विचारलंत, दुकानात येणाऱ्या पोरांना विचारायचात तसं. संध्याकाळी गिरणी सुटली तेव्हा फाटकाशी त्या दोघी भेटल्या. पोट कसं आहे म्हटल्यावर भावजय कमरेवर हात ठेवून म्हणाली, “रिकामं हाय की. भरता का?” मी रडत होते आणि त्या मला हसत होत्या. तुम्ही दोघींना खरं काय ते सांगितलंत, कुणाचं नाव न घेता, आणि जरा काही वाटलं तर कुणाकडं जायचं ते सांगितलंत. त्यांचं हसणं थांबलं. नणंदेनं माझ्याकडं पाहिलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. घरी परतताना वाटेत मी थांबले आणि म्हणाले, अप्पा, पाच नव्हे. पोरानं पदर चोखला. ते मी मोजलंच नव्हतं.

टांगेवाला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर भेटला, घोड्याला चारा घालत होता, बरा होता. दुपारी त्याला पटकी लागली. गावाबाहेर रोग्यांसाठी झोपड्या बांधल्या होत्या तिथं त्याला नेलं, आणि तुम्ही त्याच्यापाशी जाऊन बसलात. मी लांब, निवडुंगाच्या कुंपणापाशी उभी होते. कुंपणाच्या पुढं तुम्ही मला येऊ दिलं नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी हट्टही केला नाही. मी त्याच रांजणातला पहिला घोट घेतला होता. पोटात जरा गुरगुरलं की मला वाटायचं, आलं. हाताची कातडी चिमटीत धरून पाहायची, ती लगेच मागं जाते की नाही. शाळेत मुलींना कविता शिकवताना मध्येच थांबून पोटावर हात ठेवायची. पण स्वतःच्या भीतीखाली दुसरी भीती होती, आणि ती जास्त वाईट होती: आपल्याला काही झालं नाही आणि तिला झालं तर? पोराला झालं तर? तिसऱ्या दिवशी टांगेवाल्याला उतार पडला. तुम्ही घरी आलात, अंगणात अंघोळ केलीत, कपडे उकळायला टाकलेत, औषधाची बाटली पंच्यात बांधलीत आणि म्हणालात, “केमला जाऊन येतो.”

केम म्हणजे एक घर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि केमच्या स्टेशनावर उतरणारं माणूस केमचंच असतं असं थोडंच आहे? तिथून वाड्यावस्त्यांना वाटा जातात. माणसं उतरतात आणि उन्हातनं चालू लागतात. खांद्यावर निळं ठिगळ एवढ्या खुणेवर तुम्ही काय शोधणार होतात? तुम्ही दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आलात. मी चुलीपाशी होते, तव्यावर भाकरी होती. तुम्ही पायांवर पाणी घेतलंत, आत आलात, माझ्या मागं उभे राहिलात. “सिक्कळु,” तुम्ही म्हणालात. सापडली. “आराम अदाळ. कूसू आराम अद.” ती बरी आहे, पोरही बरं आहे. माझ्या हातून भाकरी निसटून निखाऱ्यांत पडली आणि मी तशीच चुलीपुढं बसून रडले. मग डोळे पुसून विचारलं, “नाव काय तिचं?” तुम्ही म्हणालात, “नाव विचारायचं नसतं, तुला ठाऊक आहे,” आणि ताटावर बसलात. तुम्ही पोटभर जेवलात असं मला आठवतं. कधी कधी आठवतं की भाकरी नुसती मोडून ठेवलीत.

त्या वेळी मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता. दोन-तीन दिवसांनी, शाळेत फळ्यावर काही लिहीत असताना, एकाएकी लक्षात आलं की तुम्ही ते कानडीत बोललात. घरात आपण दोन्ही भाषा बोलायचो, त्यात एवढं काय, असं मी स्वतःला समजावलं. प्रवासानं थकला होतात. शिवाय तुम्ही खोटं बोलत नसायचात. घोंगडीत कसर असली तर गिऱ्हाइकानं पाहण्याआधी तुम्हीच दाखवायचात. असा माणूस मुलीला चुलीपुढं बसलेली पाहून एकदाच, एकच खोटं बोलेल का? मी वकिलासारखे दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडले आहेत, अप्पा, वर्षानुवर्षं. निकाल लागत नाही.

मंडळाच्या बैठकीत तुम्हाला जाब विचारला गेला. तीर्थ का सांडलं? तुम्ही म्हणालात, “पाणी खराब होतं. रांजण माझ्या हातून पालथा झाला.” त्यात तीर्थ कुणी घातलं, हे कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. वर्षभर पंगतीला बसायचं नाही असं ठरलं. मी खांबाआड उभी होते. चौकात हजार माणसांपुढं बोलणारी मी, त्या वीस माणसांपुढं खांबाआडून बाहेर आले नाही. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, “उद्यापासून पाणपोईवर ये. पण बोलू नकोस. पाणी ओत, ओंजळ भरली की थांब.” तो उन्हाळा मी तसा काढला. गिरणीची ती नणंद दोन महिन्यांनी एकदा पाणी प्यायला आली. ओंजळ पुढं करायच्या आधी तिनं मला म्हटलं, “तू पी आदी.” मी प्याले. मग ती प्याली.

पुढं तीन वर्षांनी श्रावणात तुम्ही तापानं अंथरुणाला खिळलात. एका दुपारी घरात आपण दोघंच होतो. तुम्ही शुद्धीवर होतात, शांत होतात, छताकडं पाहत होतात. मी उशाशी बसून वारा घालत होते आणि प्रश्न माझ्या ओठांवर होता. खरंच सापडली होती का? एवढंच विचारायचं होतं. मला पुरतं ठाऊक होतं की त्या घडीला मी विचारलं तर तुम्ही खरं तेच सांगाल. म्हणून विचारलं नाही. पंखा हलवत राहिले. तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, जणू तुम्हीही वाट पाहत होतात. मग डोळे मिटलेत. पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

आता मी गावोगाव जाते. अकलूज झालं, माळशिरस झालं, करमाळ्यालाही दोनदा जाऊन आले. सेवेवर बोलताना मी ही गोष्ट सांगते. तीर्थ घालणाऱ्या मुलीला मी “एक उत्साही कार्यकर्ती” म्हणते. कुंडावरची वाकळ मी गाळते. आणि शेवटी, तुम्ही अनोळखी गावात दारोदार फिरून त्या बाईला शोधून काढलंत, ती अंगणात पोराला न्हाऊ घालत होती, असं सांगते. अंगण मी घातलं. न्हाणंही मीच घातलं. तिथं टाळ्या पडतात, बायका डोळे पुसतात, आणि दर वेळी मला वाटतं, मागच्या रांगेतून कुणीतरी उठेल आणि म्हणेल, आमच्या वस्तीवर त्या उन्हाळ्यात एक बाई माहेरी आली होती. पुढचं मला ऐकता येत नाही. मी पटकन पुढच्या मुद्द्यावर जाते.

गेल्या आठवड्यात केमच्या तरुणांचं पत्र आलं. त्यांनी स्टेशनाबाहेर पाणपोई घातली आहे. जात विचारायची नाही, नाव विचारायचं नाही, असा नियम केला आहे. माझ्याच एका भाषणात ऐकून केला, असं लिहिलंय. पहिलं ओगराळं माझ्या हातून भरलं जावं अशी त्यांची इच्छा आहे. पंचक्रोशीतल्या बाया येतील, जुनी माणसं येतील, म्हणे. ते पोर जगलं असेल तर आज सोळा वर्षांचं असेल. कदाचित ते पत्र लिहिणाऱ्यांतच असेल. ह्या विचारानं सुटका व्हायला हवी होती. मी पत्राची घडी घालून ते पुस्तकांखाली सरकवलं.

हे पत्र इथंच राहील, तुमच्या जुन्या घोंगडीच्या घडीत किंवा चुलीत, अजून ठरलेलं नाही. केमचं उत्तर मात्र मी सकाळीच टपालात टाकलं. लिहिलं की घसा पार बसला आहे, वैद्यांनी महिनाभर बोलायला मनाई केली आहे, क्षमा असावी. अप्पा, माझा घसा ठणठणीत आहे.